मूनी पॉन्ड्सच्या बाईचा पत्ता

"सर, निवृत्त कारकून 'भाऊसाहेब' हे एकच पात्र घेऊन मी चार वर्षं एकपात्री करतोय. पहिले पन्नासेक प्रयोग हशा वसूल झाला. आता वाक्य तोंडातून निघायच्या आधी मलाच कंटाळा येतो. कार्यशाळेत तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या बॅरी हम्फ्रीज या विनोदी नटाचं नाव घेतलंत आणि म्हणालात, त्यानं एकच बाई साठ वर्षं केली. कशी केली?"

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर लांबणार आहे. मी स्वतः तेहेतीस वर्षं स्टेजवर एकटा उभा राहतोय. त्यामुळे समीक्षक सांगेल तसं काही मला सांगता येणार नाही. एक दुकानदार दुसऱ्या दुकानदाराच्या मालाकडे बघतो, तसं सांगतो.

साठ वर्षं एकच बाई केली हे खरं. एडना एव्हरेज तिचं नाव. पण १९५५ची एडना आणि १९९९ची एडना शेजारीशेजारी उभ्या केल्या तर त्या सख्ख्या बहिणीही वाटणार नाहीत. पहिली बुजरी, डोक्यावर साधी टोपी, पर्स पोटाशी धरलेली. दुसरी जांभळ्या केसांची, पंखांसारखा चष्मा लावलेली, बायकांची तोंडओळख करून घेता घेता त्यांचं वस्त्रहरण करणारी. मधल्या काळात काय झालं त्यातच तुझं उत्तर आहे. पण सुरुवात घरापासून करायला हवी, कारण हम्फ्रीजचं सगळं घरापासूनच सुरू होतं.

बॅरी हम्फ्रीज १७ फेब्रुवारी १९३४ला मेलबर्नमध्ये जन्मला आणि कॅम्बरवेल नावाच्या उपनगरात वाढला. वडील एरिक घरं बांधायचे. बिल्डर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टॉवर येतो, तसं नाही. नीटनेटकी घरं, पुढं कापलेली हिरवळ, मागं कपडे वाळत घालायची तार. त्या काळच्या मध्यमवर्गाला हवी असायची तशी. म्हणजे बाप घरं बांधत होता आणि मुलगा त्या घरांच्या आत काय बोललं जातं ते ऐकत होता. बापाचा धंदा पोरानं वेगळ्या मालात चालवला असं मी गमतीनं म्हणतो, पण गंमत तेवढीच आहे, बाकी खरं आहे.

आईचा एक किस्सा त्यानं आत्मचरित्रात लिहिलाय. शाळेतून घरी आला तर त्याची पुस्तकं जागेवर नाहीत. आईनं ती सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेच्या माणसाला देऊन टाकलेली. पोरगा कळवळला तर तिचं म्हणणं एवढंच की, पण तू ती वाचली होतीस ना. हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघ. त्यात दुष्टपणा कुठेच नाही. घर स्वच्छ राहावं, वस्तू पडून राहू नयेत, कुणाच्या तरी उपयोगी पडाव्यात, सगळा चांगुलपणाच. आणि तरी पोराच्या काळजाचं पाणी झालं. एडना एव्हरेजचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आहे. (पुढं हा माणूस दुर्मिळ पुस्तकांचा मोठा संग्राहक झाला. तुला हवं तर ते सूड म्हण.)

मेलबर्न विद्यापीठात त्यानं दादावादी, म्हणजे कलेचीच टर उडवणाऱ्या युरोपातल्या चळवळीच्या धर्तीवर, उचापती केल्या. कस्टर्डनं भरलेले गमबूट कलाकृती म्हणून मांडले, लोकांना चिडवणं हीच कला असं धरून चालला. त्या काळावर मी फार थांबत नाही. तरुण माणूस बिथरला की असंच काहीतरी करतो. कामाची गोष्ट त्यानंतरची आहे.

१९५५मध्ये तो युनियन थिएटर रेपर्टरी कंपनीत नट होता. शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेचा संच व्हिक्टोरिया राज्यातल्या गावागावांतून बसनं फिरत होता. प्रत्येक गावात प्रयोगानंतर स्थानिक महिला मंडळाकडून खाणं आणि आभाराचं भाषण. आपल्या दौऱ्यांवरचा हा अनुभव तुला नव्यानं सांगायला नको. अध्यक्षबाई, पुष्पगुच्छ, "आमच्या छोट्याशा गावात आपले पाय लागले", मग वाटली डाळ. परतीच्या बसमध्ये हम्फ्रीज मागच्या सीटवर बसून त्या बाईंचा आवाज काढायचा आणि अख्खी बस लोळायची. त्या संचात रे लॉलर हा नट-नाटककार होता. त्याचं स्वतःचं नाटक त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला युनियन थिएटरात लागलं आणि ऑस्ट्रेलियन रंगभूमीचा टप्पा ठरलं. नाताळच्या रेव्ह्यूसाठी, म्हणजे सुट्या विनोदी प्रवेशांच्या आणि गाण्यांच्या कार्यक्रमासाठी, काहीतरी हवं होतं. लॉलरनं सुचवलं, ही बसमधली बाई लिही. हम्फ्रीजनं लिहिली ती एका नटीसाठी. लॉलर म्हणाला, तूच कर.

डिसेंबर १९५५मध्ये ती पहिल्यांदा स्टेजवर आली. प्रवेश साधा होता. पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये ऑलिंपिक होणार, परदेशी खेळाडूंच्या राहण्याची सोय शहरातल्या घरांतून करायची, म्हणून मिसेस एव्हरेज आपली खोली देऊ करायला एका कचेरीत येते. समोर अधिकारी. ती त्याला आपलं घर सांगते. बास. दिवाणखाना, गालिचा, सोफ्याचं कापड, स्वयंपाकघर, न्हाणीघर. एकेक खोली उघडून दाखवावी तशी. पाहुणा परदेशी असलेला चालेल, पण फारच परदेशी नको, ही तिची अट बोलता बोलता निसटून बाहेर येते.

आता यात विनोद कुठे आहे ते बघ. बाईनं एकही विनोद केलेला नाही. ती मनापासून घराचं वर्णन करतेय, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या घरी अगदी तोच गालिचा आहे. आपल्या घरातल्या वस्तूचं नाव स्टेजवरून मोठ्यानं उच्चारलेलं मेलबर्नच्या लोकांनी तोवर क्वचितच ऐकलं होतं. तिथली बहुतेक नाटकं इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत घडायची. हशा आला तो ओळखीचा हशा होता, थोडा लाजेचा.

नावाकडेही बघ. एडना हे त्याच्या लहानपणीच्या दाईचं नाव. एव्हरेज हे आडनाव तिकडच्या उच्चारात 'अ‍ॅव्हरेज'. म्हणजे आपल्याकडे एखादीचं नाव सौ. सरासरे ठेवावं तसं. आणि घर कुठे, तर मूनी पॉन्ड्सला, ह्यूमरेस्क स्ट्रीटवर. हम्फ्रीज शहराच्या पूर्वेकडचा, सुखवस्तू बाजूचा. मूनी पॉन्ड्स वायव्येला, साधं उपनगर. नाव कानाला गमतीदार लागतं म्हणून त्यानं ते उचललं आणि गावाला जन्माचं चिकटवलं. काही वर्षांपूर्वी तिकडच्या महाराष्ट्र मंडळात माझा प्रयोग होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ५९ नंबरच्या ट्रामनं मूनी पॉन्ड्सला जाऊन आलो. बैठी घरं, जंक्शनला दुकानं, एक माणूस गाडीच्या डिकीतून किराणा काढत होता. बघण्यासारखं काही नाही. पण तिथं आता एव्हरेज स्ट्रीट नावाचा खराखुरा रस्ता आहे. कधीच न जन्मलेल्या बाईच्या नावाचा. शहराच्या मध्यभागी, लिटल कॉलिन्स स्ट्रीटला लागून एका बोळाला २००७मध्ये डेम एडना प्लेस असं नावही दिलं गेलं.

आता माझ्या लाडक्या पात्राकडे येतो. एडना सगळ्यांना माहीत असते, सँडी स्टोन फारसा कुणाला नसतो. आणि लेखक म्हणून हम्फ्रीज किती मोठा होता हे बघायचं तर सँडीकडेच जावं लागतं.

सँडी हा म्हातारा गृहस्थ. पत्ता ३६, गॅलिपोली क्रेसेंट, ग्लेन आयरिस. बायको बेरिल, मूलबाळ नाही. १९५८मध्ये हम्फ्रीजनं एक छोटी रेकॉर्ड काढली त्यात हा पहिल्यांदा ऐकू आला. ड्रेसिंग गाऊन, खुर्ची, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. तो आपला आठवडा सांगतो. माजी सैनिकांच्या क्लबात गेलो, संध्याकाळ छान गेली, गाडी लावायला जरा त्रास झाला. दुसऱ्या दिवशी बेरिलनं थंड काहीतरी खायला ठेवलं होतं. गाडी लावायला जरा त्रास झाला, हे वाक्य परत परत येतं. आवाजात चढउतार नाही. पहिली दोन मिनिटं लोक हसतात, पाचव्या मिनिटाला हसू पातळ होतं, आणि आठव्या मिनिटाला कळतं की या माणसाच्या आयुष्यात गाडी लावण्याच्या त्रासापलीकडे काहीच घडलेलं नाही आणि तो हे कुणाला सांगतोय तर कुणालाच नाही. इंग्लंडमध्ये जॉन बेट्जमनसारखा कवी या रेकॉर्डच्या प्रेमात पडला, ते उगीच नाही.

एकपात्रीत शांतता विकत घ्यायला नट घाबरतो. वीस सेकंद हशा नाही आला तर घाम फुटतो. मलाही फुटलाय. हम्फ्रीज सँडी घेऊन बसायचा तेव्हा मिनिटामिनिटांच्या शांततेवर बसायचा. आणि पुढं त्यानं काय केलं, तर सँडीला मारलं. म्हातारा मेला, आणि तरी कार्यक्रमात येत राहिला, भूत होऊन, त्याच खुर्चीत. आपल्यामागं बेरिल कशी राहते, वस्तूंचं काय होतं, हे तो बघतो आणि तसंच सपाट आवाजात सांगतो. तुझा भाऊसाहेब मरू शकतो, हे तुझ्या डोक्यात कधी आलं होतं?

१९५९ला तो लंडनला गेला. तिथली पहिली दहा वर्षं कुणी विचारू नये अशी. म्युझिकलमध्ये छोट्या भूमिका मिळाल्या, १९६०मध्ये डिकन्सच्या अनाथ पोरावरच्या गाजलेल्या संगीत नाटकात शवपेट्या करणाऱ्याचं काम त्यानं केलं, ते घेऊन न्यूयॉर्कलाही गेला. पण पीटर कुक या विनोदी नटानं लंडनच्या सोहो भागातल्या आपल्या क्लबात एडनाला उभं केलं तेव्हा ती सपशेल पडली. लंडनकरांनी मूनी पॉन्ड्स बघितलंच नव्हतं, तर ओळखीचा हशा कुठून येणार? कॉर्नवॉलमध्ये तर तो कड्यावरून घसरून खाली अडकला आणि हेलिकॉप्टरनं उचलावा लागला.

कुकचा एक उपकार मात्र झाला. 'प्रायव्हेट आय' या व्यंग्यपाक्षिकासाठी त्यानं हम्फ्रीजकडून चित्रमालिका लिहून घेतली, १९६४पासून. चित्रं निकोलस गार्लंडची. लंडनमध्ये आलेला अडाणी, दारूडा, भल्या मनाचा ऑस्ट्रेलियन पोरगा, बॅरी मॅकेंझी. त्यात त्यानं ऑस्ट्रेलियन बोलीतले शब्दप्रयोग ठासून भरले, काही खरे, काही बिनदिक्कत स्वतः घडवलेले. नंतर त्यातले घडवलेलेही लोक खरे म्हणून बोलायला लागले. मालिकेच्या पुस्तकावर ऑस्ट्रेलियातच बंदी आली आणि १९७२मध्ये त्यावर ब्रूस बेरेसफर्डनं सिनेमा केला तो ऑस्ट्रेलियाच्या सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशांतून. सरकारं सगळीकडे सारखीच.

आणि दारू. यावर मी आडून बोलणार नाही, कारण आपल्या धंद्यात ती फार जणांना घेऊन गेली. दौरे, रात्रीचे प्रयोग, प्रयोगानंतर अंगात भिनलेली ती लय उतरत नाही म्हणून एक पेग. हम्फ्रीज साठच्या दशकात त्यात पार बुडाला. १९७०मध्ये मेलबर्नला तो मार खाऊन गटाराच्या कडेला पडलेला सापडला. मग इस्पितळ, उपचार, आणि त्यानंतर मरेपर्यंत थेंब नाही. बावन्न वर्षं.

आता तारखा जुळव. दारू सुटली १९७०च्या शेवटी. १९७४मध्ये सिडनीच्या एका लीग्ज क्लबात, म्हणजे रग्बीवाल्यांच्या करमणुकीच्या क्लबात, एक नवं पात्र उभं राहिलं, सर लेस पॅटरसन. ऑस्ट्रेलियाचा सांस्कृतिक राजदूत. पिवळे दात, सुटलेलं पोट, टायवर डाग, कायम झिंगलेला, बोलताना थुंकी उडवणारा. पहिल्या रांगेवर अक्षरशः शिंतोडे. 'द आर्ट्स' हा शब्द तो 'यार्ट्स' असा उच्चारतो, त्या एका उच्चारात त्याचं संस्कृतिप्रेम संपतं. म्हणजे थेंबही न पिणारा माणूस पुढची चाळीसेक वर्षं महाराष्ट्र काय, सगळ्या जगाला ओळखू येईल असा दारूडा पुढारी करत होता. नशेत असताना नशा करता येत नाही, हे आपल्यापैकी ज्यांनी दारूड्याची भूमिका केलीय त्यांना पक्कं ठाऊक आहे. तोल जाणाऱ्याला आपला तोल जातोय हे लपवायचं असतं. लेस सतत लपवत असतो.

लेसमुळे कार्यक्रमाची बांधणी सापडली. साधारणपणे मध्यंतराआधी लेस, सँडी आणि कंपनी. मध्यंतरानंतर एडना, एकटी, शेवटपर्यंत. याचा धंदेवाईक अर्थ लक्षात घे. लेस येऊन प्रेक्षकांची सगळी भीड मोडून टाकतो. सँडी त्यांना शांत करतो. वीस मिनिटं चहा-पाणी. आणि मग एडना अशा प्रेक्षागृहात येते जे एकदा फुटलंय आणि एकदा गप्प झालंय. तीन पात्रं तीन पट्ट्यांत असल्यामुळे एकाचा गळा दमला की दुसरं उचलतं. एडना साठ वर्षं टिकली त्यात सँडी आणि लेसचा वाटा मोठा आहे. तू भाऊसाहेबाला दोन तास एकट्यालाच ओढायला लावतोस, मग तो दमणार नाही तर काय.

एडनाचं मोठं होणं आता थोडक्यात. १९७४च्या दुसऱ्या मॅकेंझी सिनेमात शेवटी खुद्द ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम पडद्यावर येतात आणि तिला 'डेम' ('सर'सारखीच, पण बायकांना मिळणारी पदवी) करून टाकतात. कल्पना कर, खऱ्या पंतप्रधानानं खोट्या बाईला दिलेली खोटी पदवी, आणि ती तिनं आयुष्यभर खरी म्हणून वापरली. १९७६मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरात ती 'हाउसवाइफ, सुपरस्टार' म्हणून आली आणि साठच्या दशकात ज्या शहरात पडली होती तिथंच उभी राहिली. पुढं स्वतःला मेगास्टार म्हणवू लागली, मग गिगास्टार. नवरा नॉर्म वर्षानुवर्षं प्रोस्टेटच्या दुखण्यानं इस्पितळात, हिची त्याच्यावर माया अफाट आणि भेटायला जायला वेळ नाही. यथावकाश नॉर्म गेला. मुलगा केनी, मुलगी व्हॅलमे, आणि सोबतीला मॅज ऑलसॉप, न्यूझीलंडची, लग्नातली करवली, जी टीव्हीवर वर्षानुवर्षं शेजारी बसून एक अक्षर बोलली नाही.

प्रसिद्धी हा रोग सत्तर-ऐंशीच्या दशकांत जगभर पसरला आणि एडनाला तो सगळ्यात आधी झाला. समोरचा समाज बदलला तशी ती बदलली. १९५५ला तिला गालिच्याचा अभिमान होता, १९८७ला टीव्हीवर हॉलिवूडचे नट पाहुणे म्हणून बोलवून त्यांच्या छातीवर नावाची चिठ्ठी डकवण्याचा. अभिमानाची जात तीच.

आता तुझ्या कामाचं. पहिली रांग.

एडना कुणाही बाईला तिचं नाव विचारायची. मग राहता कुठे. मग घर कसं आहे. मग बेडरूमचा रंग कोणता. बास, एवढंच. रंग बदामी असो नाहीतर पिस्ता, तिच्या चेहऱ्यावर जी कीव उमटायची त्यावर पाच मिनिटं जायची. मी हे मायेनं म्हणतेय हं, असा सूर. पुढं तासाभरानं, लोक विसरलेले असताना, अमुकबाईंच्या न्हाणीघराच्या फरशा परत यायच्या. चार-पाच बायकांची नावं आणि घरं डोक्यात ठेवून त्यांची एकमेकींशी गाठ घालायची. बाल्कनीतल्या स्वस्त तिकिटवाल्यांना ती 'गोरगरीब' म्हणायची, आणि शेवटी त्यांच्यापर्यंत पोचतील अशी ग्लॅडिओलसची फुलं जोर लावून भिरकवायची. सगळ्यांना ती हातात धरून थरथरवायला लावायची. अख्खं प्रेक्षागृह फुलं हलवतंय, कोट घातलेले बँकवालेसुद्धा.

हे बघून मी एकदा नक्कल करायला गेलो. तालुक्याच्या गावी, गणेशोत्सवातला प्रयोग. पहिल्या रांगेत एक काका हसरे दिसले. विचारलं, काका, घर कुठे तुमचं? म्हणाले, होतं, मागच्या महिन्यात विकलं. का, असं मी विचारायला नको होतं. विचारलं. मुलाच्या आजारपणासाठी. मांडव असा गार पडला की लाऊडस्पीकरची घरघर ऐकू यायला लागली. पुढची चाळीस मिनिटं मी नुसता वाक्यं म्हणत होतो.

घरी येऊन मी एडनाचे जुने प्रयोग परत बघितले, या वेळी फक्त प्रश्न लिहून काढले. तेव्हा दिसलं. ती बहुतेक वेळा मिरवायला आलेल्या, नटूनथटून बसलेल्या मध्यमवयीन बायका निवडते. 'का' हा प्रश्न तिच्या तोंडी जवळजवळ नाही. रंग कोणता, किती खोल्या, पडदे कसले, कपडे कुठे घेतले. सगळे प्रश्न वस्तूंचे. वस्तूबद्दल माणूस बिनधास्त बोलतो, आणि बोलता बोलता स्वतःबद्दल सगळं सांगून टाकतो. १९५५च्या प्रवेशात एडना आपलं घर सांगत होती, आता तेच ती समोरच्याकडून काढून घेत होती. म्हणून तो मजकूर कधी शिळा झाला नाही. निम्मी संहिता रोज नव्या बाईनं आणलेली असायची. १९९२च्या एका टीव्ही मालिकेत तर तिनं कळसच केला. बाई स्टुडिओत प्रेक्षकांत बसलेली आणि एडनाचा कॅमेरा तिच्या घरात, कपाटं, खण, फ्रिज उघडत.

न्यूयॉर्कची गोष्ट सांगतो, कारण तू लगेच पुण्या-मुंबईचा प्रयोग लावायला निघशील. १९७७मध्ये लंडनच्या यशाच्या भरात तो एडनाला तिथं घेऊन गेला. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं झोडपलं, कार्यक्रम गुंडाळावा लागला. एडना परत न्यूयॉर्कला आली ती बावीस वर्षांनी, १९९९ला, थेट ब्रॉडवेवरच्या बूथ थिएटरात. मधे १९९८ला सॅन फ्रान्सिस्कोत प्रयोग लावून अमेरिकन प्रेक्षकाची नाडी बघितली, तिथं मुक्काम वाढत गेला, मगच न्यूयॉर्क. २००० साली त्या कार्यक्रमाला अमेरिकन रंगभूमीचा विशेष टोनी पुरस्कार मिळाला. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता.

एक गोष्ट आपल्या माणसांना चटकन कळत नाही, ती सांगून ठेवतो. हे आपल्या स्त्रीपार्टीसारखं नव्हतं. बालगंधर्वांचं नेसणं आणि चालणं बघून घरंदाज बायका तसं नेसायच्या. तिथं पुरुष दिसेनासा होणं हीच कला. एडनामध्ये उंचापुरा पुरुष पूर्ण वेळ दिसत राहतो, आवाज मधेच फाटतो, आणि तरी दहा मिनिटांत लोक तिला 'ती' म्हणायला लागतात. हम्फ्रीजनं हा खेळ स्टेजबाहेरही मोडला नाही. एडना मुलाखतीत हम्फ्रीजचा उल्लेख 'माझा मॅनेजर' असा करायची आणि तो पैसे खातो अशी तक्रार करायची. १९८९मध्ये तिचं आत्मचरित्रही निघालं, त्याच्याआधी तीन वर्षं. त्याचं स्वतःचं १९९२ला आलं.

शेवटी शेवटी त्याचं गणित चुकलंही. २००३मध्ये एका अमेरिकन मासिकात एडनाच्या सल्ल्याच्या सदरात स्पॅनिश भाषेवर मारलेली कोटी तिथल्या लॅटिनो वाचकांना लागली आणि मासिकाला माफी मागावी लागली. कागदावर एडनाचा चेहरा नसतो. कीव नसते, चष्म्यावरून बघणं नसतं, उरतो तो नुसता अपमान. हे मला पटतं आणि मी पात्राच्या नावानं सदर लिहायला कायम नकार देत आलोय. ट्रान्सजेंडर लोकांबद्दल तो जे टोचणारं बोलला ते तर एडना नव्हे, हम्फ्रीज स्वतः बोलला. मेलबर्नच्या ज्या विनोद महोत्सवाच्या १९८७च्या उद्घाटनाला तो होता, त्याच महोत्सवानं २०१९मध्ये पुरस्कारावरचं त्याचं नाव काढलं. त्याच्या चाहत्यांना ते फार लागलं. मला विचारशील तर, आयुष्यभर साड्यांऐवजी झगे नेसून पोट भरलेल्या माणसानं थोडं ऐकून घ्यायला हरकत नव्हती. पण ऐंशी पार केलेला नट ऐकत नाही, हेही मी जवळून पाहिलंय.

२२ एप्रिल २०२३ला सिडनीत तो गेला, ८९व्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी तो ब्रिटनच्या दौऱ्यावर होता, स्वतःच्या चेहऱ्यानं, आठवणी सांगत. २०२३च्या डिसेंबरमध्ये सिडनी ऑपेरा हाउसमध्ये सरकारी स्मृतिसभा झाली.

आता भाऊसाहेब. तुझी संहिता मी वाचली. कोट्या चांगल्या आहेत, साहेबाची नक्कल चांगली आहे. पण अठरा पानांत तो कुठे राहतो हे एकदाही येत नाही. चाळ की सोसायटी, कितवा मजला, लिफ्ट आहे का, आहे तर चालू आहे का. पेन्शनचं पासबुक कुठल्या खणात. टीव्हीवर कसलं कापड, की आता भिंतीवरचा टीव्ही आला आणि ते कापड नुसतं घडी घालून ठेवलंय. बायको आहे की गेली. गेली असेल तर तिची साडी अजून कपाटात कुठल्या बाजूला आहे. पुढच्या रविवारी येशील तेव्हा संहिता आणू नकोस. भाऊसाहेबाच्या घराचा नकाशा काढून आण, पत्त्यासकट.